सुरकुत्यांच्या डॉक्टरीणबाई

ओव्हाळ मॅडमच्या समोरच्या खुर्चीत बसलं की माणूस नकळत चेहरा सावरायचं, फोटोला बसल्यासारखं. ओठ मिटलेले, भुवया जरा वर, हनुवटी पुढं. मॅडम घाई करायच्या नाहीत. टेबलावरचं पेन इकडचं तिकडं ठेवत गाव कुठलं, भातलावणी उरकली का, मुलं काय करतात, असं विचारत राहायच्या. थोड्या वेळानं माणूस दमायचं, चेहरा सैल पडायचा. तेव्हा कुठं मॅडम मान वर करून नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता आलात."

तळेगावात स्टेशनच्या रस्त्यावर आमचं औषधाचं दुकान आहे. त्यावरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी तो सुरू झाला आणि तिचं लग्न झालं त्या वर्षी मॅडमनी सोडला. पाटीवर 'डॉ. हेमलता ओव्हाळ, त्वचारोगतज्ज्ञ' असं होतं. नायटा, इसब, कोड, जळवात, सगळे रोगी यायचे. पण गावाभोवती सोसायट्या उभ्या राहिल्या, कारखान्यांतले पगार आले, फोनमध्ये कॅमेरे आले आणि वरच्या जिन्यावर वेगळीच गर्दी दिसायला लागली. कुणाला डोळ्यांखालच्या रेघा नको होत्या, कुणाला कपाळावरच्या आठ्या. मावळातल्या बायका त्यांना सरळ 'सुरकुत्यांच्या डॉक्टरीणबाई' म्हणायच्या. मॅडमना ते आवडायचं नाही, पण त्यांनी कधी कुणाला दुरुस्तही केलं नाही.

त्या इथल्याच, बेगडेवाडीच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. "आमच्या आबांच्या मानेवर नांगरटीसारख्या रेघा होत्या," त्या सांगायच्या. "सदऱ्याच्या आत मात्र कातडी अशी गुळगुळीत, की बघत राहावं. एकाच माणसाच्या अंगावर दोन वयं. वैद्यकीच्या वर्गात कळलं, की मानेवरचं ते वय नव्हतं, रुळांवरचं ऊन होतं." नोकरीची पहिली वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात कुष्ठरोग्यांमध्ये काढली. त्याबद्दल बोलायच्या नाहीत. एकदाच बोलल्या होत्या. कुणीतरी बाई गालावरच्या रेघांपायी हमसून रडून गेली होती आणि मी जरा चेष्टेनं काही म्हणाले. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

"मीनाताई, ज्यांना बघून लोक रस्ता बदलायचे, असे चेहरे मी हातात धरलेत. त्यांच्यापुढं सुरकुती म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. पण भीती तीच असते. लोक आपल्याला बघायचे थांबतील, ही."

दुपारी रोगी ओसरले की त्या दुकानात उतरायच्या, स्टुलावर बसायच्या आणि चहा येईपर्यंत काउंटरवरच्या क्रीमच्या ट्यूबा उलट्या करून मागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायच्या. गिऱ्हाईक उभं असलं तरी. 'सात दिवसांत तरुण त्वचा' असं कुठं लिहिलेलं सापडलं की विचारायच्या, "आठव्या दिवशी काय होतं हो?" गिऱ्हाईक ट्यूब ठेवून निघून जायचं. आमचे हे आतून कपाळाला हात लावायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "विशीत टोपी, तिशीत झोप, चाळिशीत धीर, पन्नाशीनंतर आरसा जरा लांब." विशीतल्या पोरांना त्या उन्हाचं मलम आणि रुंद काठाची टोपी, यापलीकडं काही द्यायच्या नाहीत. तिशीतल्या कुणाला रात्री लावायचं तेज मलम दिलंच, तर आधी विचारायच्या, बाळाचा विचार आहे का, अंगावर पाजतेयस का. हो म्हटलं की मलम बंद. चाळिशीनंतर पाळी जायच्या सुमारास कातडी कोरडी पडते, तेव्हा साबण कमी करा, ओलसर अंगावरच तेल-मलम लावा, असं सांगायच्या. इंजेक्शनांच्या विरोधात होत्या असंही नाही. एका शाळेतल्या बाईंच्या भुवयांमध्ये इतकी खोल आठी होती, की पोरं त्यांना कायम चिडलेल्याच समजायची. त्या आठीला मॅडमनी स्वतः इंजेक्शन दिलं आणि बाई खुश झाल्या. पण सुई हातात घेण्याआधी त्या इतके प्रश्न विचारायच्या, की निम्मे लोक कंटाळून उठायचे.

स्वतः मॅडमच्या चेहऱ्यावर रेघांना तोटा नव्हता. कपाळावर आडव्या, भुवयांमध्ये दोन उभ्या, डोळ्यांच्या कडेला पंखा पसरल्यासारख्या. "तुमच्याच का नाही काढत?" असं लोक तोंडावर विचारायचे. "वाढणारी शेवटी जेवते," एवढंच त्या म्हणायच्या आणि पुढच्याला आत बोलवायच्या.

एकदा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. रेघा येऊच नयेत म्हणून आतापासूनच इंजेक्शनं सुरू करायची, असं तिच्या डोक्यात होतं. फोनवर कुणीतरी सांगितलेलं. दहाच मिनिटांत आई खाली आमच्या दुकानात. "मॅडमनी पाठवलंय, पण काय घ्यायचं ते सांगितलंच नाही." मला खूण कळली. मी त्यांना बसवलं, सरबत दिलं, त्यांच्या सोसायटीतल्या पाण्याच्या तक्रारी ऐकून घेतल्या. वर आईसमोर मॅडमनी पोरीला विचारलं होतं, "सिगारेट ओढतेस?" आणि पोरीनं आईकडं बघितलं होतं. तेवढ्यावरच मॅडमनी आईला खाली धाडलं होतं. पोरगी उतरली तेव्हा डोळे लाल होते आणि चिठ्ठीवर फक्त उन्हाचं मलम होतं. आईनं चिडून विचारलं, "एवढ्यासाठी एवढा वेळ?" मुलगी म्हणाली, "हो मम्मी, चल." पुढं ती एकटीच यायची, मॅडमकडं. काय बोलायच्या कोण जाणे. पण तिच्या ओठांभोवतीचा काळपटपणा हळूहळू गेला.

आणि तिकोणा पेठेच्या चंद्रभागा मावशी. सत्तरीच्या आसपास, नातीचं लग्न ठरलेलं. "फोटूत नीट दिसाया पायजे. लय सुरकुत्या झाल्यात, जरा काडा," म्हणत आल्या. मॅडमनी त्यांचा चेहरा खिडकीकडं वळवला आणि त्या नाकापाशी वाकून बघायला लागल्या. नाकाच्या मुळाशी, सुरकुतीच्या घडीत लपलेला मोत्यासारखा चकचकीत फोड होता. वर्षभर होता म्हणे. कधी खपली धरायचा, कधी रक्त यायचं.

"मावशी, सुरकुत्या राहू द्या. हा फोड काढायला लागेल. पुण्याला जावं लागेल."

"अन् लगीन?"

"लग्नाच्या आधी."

"म्या सुरकुत्या काडाया आली, अन् तू भलतंच घेऊन बसलीस! काय झालंय मला?"

मॅडमनी कातडीचा कॅन्सर असं नाव सांगितलं. मावशी उठल्याच. "न्हाई, न्हाई. आमच्या घरात कुनाला न्हाई तसलं." चपला हातात घेऊन जिना उतरल्या. मॅडम मागोमाग आल्या आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांनी मावशींचा दंड धरला. "हे पसरत नाही फारसं, पण जागेवरच खात जातं. डोळा जवळ आहे. आज काढलं तर टाके दिसतील फोटोत, एवढंच." मावशी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू येतीस का संगं?" मॅडम गेल्या. लग्नाच्या फोटोत मावशींच्या नाकाशी पट्टी आहे. तो फोटो त्यांनी स्वतः दवाखान्यात आणून दिला.

हे सगळं सांगितलं, कारण मॅडम कशा होत्या ते कळावं. आता अलकाचं सांगते.

अलका लोणावळ्याची. एका रिसॉर्टमध्ये स्वागताच्या काउंटरवर होती. वय पंचेचाळीसच्या पुढं, चेहरा तरतरीत, आवाज गोड. नवरा संतोष पर्यटकांची गाडी चालवायचा. तिच्या रिसॉर्टमध्ये नवा मॅनेजर आला होता आणि तो म्हणायला लागला होता, की पुढं 'फ्रेश' चेहरे पाहिजेत. तिच्या वयाच्या दोघींना त्यानं लाँड्रीत पाठवलं होतं. अलका मॅडमकडं आली ती नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरणाऱ्या दोन रेघा घेऊन.

मॅडमनी तिला उन्हाचं मलम दिलं, रात्री लावायचं मलम दिलं. वाटाण्याएवढं घ्यायचं, सुरुवातीला एक रात्र आड. फरक दिसायला सहा महिने.

"सहा महिन्यांनी मी लाँड्रीत असेन मॅडम."

"तुझ्या चेहऱ्याला इंजेक्शनची गरज नाही गं."

"चेहऱ्याला न्हाई मॅडम. मला हाय."

मॅडम हसल्या, तिच्या खांद्यावर थोपटलं, "धीर धर," म्हणाल्या. त्या दिवशी मी वर बिल द्यायला गेले होते म्हणून हे मला ऐकू आलं. अलका माझ्याकडून मलमं घेऊन गेली ती परत आली नाही.

आली ती एका रविवारी दुपारी. मी शटर अर्धं ओढून घरी जेवायला निघाले होते. संतोषची गाडी जोरात येऊन दुकानापुढं थांबली. मागच्या सीटवर अलका, ओढणी तोंडावर दाबून. "मॅडम कुटं हायत?" त्याचा आवाज चिरका झाला होता. मॅडम मागच्याच गल्लीत राहायच्या. मी फोन केला तशा त्या घरातल्या सपातांवर आल्या, हाताला कणीक.

अलकाला वर दवाखान्यात नेऊन त्यांनी ओढणी बाजूला केली. डाव्या नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंतचा भाग खडूसारखा पांढरा पडला होता आणि त्याच्याभोवती जांभळ्या रेघांची जाळी, मासे धरायच्या जाळ्यासारखी.

"कधी टोचलं?"

"सकाळी."

"तेव्हाच दुखलं?"

"लय दुखलं. तो म्हणाला, सूज हाय, बर्फ लावा."

"लावलास?"

अलकानं मान हलवली. "बर्फानं नसा आणखी आवळतात," मॅडम पुटपुटल्या.

लोणावळ्याच्या बाजारात पहिल्या मजल्यावर एकानं स्किन स्टुडिओ काढला होता. कुठलातरी छोटा कोर्स करून तो स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. त्यानं रेघा भरायचं औषध टोचलं होतं आणि ते भलत्याच ठिकाणी गेलं होतं. मॅडमनी पदराला हात पुसून अलकाचा एक डोळा झाकला, बोटं दाखवली, मग दुसरा झाकला. नजर ठीक होती. मग तिच्या गालावर बोट दाबून सोडलं. चांगल्या जागी रंग लगेच परत आला. पांढऱ्या जागी पांढराच राहिला. मला बाहेर जिन्यात नेऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "औषध रक्तवाहिनीत गेलंय. रक्त पोचत नाहीये. वेळ गेला तर नाक-ओठाची कातडी मरेल. आणखी वर सरकलं तर डोळा."

त्यांनी त्या माणसाला फोन लावला. "भांडायला केला नाही. तुम्ही कुठलं औषध टोचलं, फक्त नाव सांगा." पलीकडून काहीतरी गुळमुळीत आलं आणि फोन कट. परत लावला तर बंद.

मग पुण्यातल्या त्यांच्या ओळखीच्या सर्जनला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि बेसिनशी हात धुवायला लागल्या. तो म्हणाला, "पाठव इकडं." संतोष दारातून ओरडला, "मॅडम, दोन्ही रस्ते तुंबलेत. लोणावळ्यावरनं इथवर यायलाच निम्मा दिवस गेला. पुढं देहूरोडपर्यंत गाड्या उभ्या हायत." सर्जन म्हणाला, "हेमा, ऐक. तू हात लावलास तर उद्या ती जखम तुझी म्हणतील."

"म्हणू देत. विरघळवायचं इंजेक्शन इथं कुठं मिळेल ते सांग."

"डोळ्यांच्या दवाखान्यात बघ. मोतीबिंदूच्या भुलीत घालतात ते."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी स्कूटरची किल्ली घेतली.

डोळ्यांचा दवाखाना बंद होता. वॉचमन म्हणाला, उद्या या. मी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची बेल दाबत राहिले. ते लुंगीवर आले, ऐकलं आणि एक शब्द न विचारता फ्रिज उघडून होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या बर्फाच्या डब्यात भरून दिल्या.

मॅडमनी अलका आणि संतोषला समोर बसवलं होतं. "हे औषध एका जातीचं फिलर विरघळवतं. त्यानं दुसऱ्याच जातीचं टोचलं असेल तर उपयोग होणार नाही. ह्या औषधाचीच कुणाकुणाला ॲलर्जी येते, ती आली तर तयारी ठेवलीय. मी काही लपवत नाही."

संतोष म्हणाला, "आपण पुण्याला नेऊ. मोठ्या हॉस्पिटलात."

अलका म्हणाली, "टोचा."

पुढचा वेळ मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. सुई पुन्हा पुन्हा आत जाताना अलकानं माझं मनगट धरलं होतं. मी गरम पाण्यात टॉवेल पिळून तिच्या गालावर ठेवत होते. मॅडम बोटांनी हळूहळू चोळत होत्या. मग बोट दाबायचं, सोडायचं, बघायचं. पांढरं. थांबायचं. परत सुई. परत टॉवेल. बोट. पांढरं. संतोष बाहेर जिन्यात येरझाऱ्या घालत होता, त्याच्या चपलांचा आवाज येत होता. मॅडमच्या कपाळावरून घाम ओघळून भुवयांत अडकत होता आणि पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या. बाटल्या संपत आल्या होत्या. सुई गेली, टॉवेल गेला. मॅडमनी बोट दाबलं आणि सोडलं. मी डोळे मिटून घेतले होते. "मीनाताई," त्यांचा आवाज आला. मी डोळे उघडले. ओठाच्या कडेला, पांढऱ्याच्या आत, गुलाबी रंग हळूहळू शिरत होता, शाईचा थेंब टीपकागदावर पसरतो तसा. मॅडमनी परत दाबलं. परत आला.

"आला," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदरानं कपाळावरचा घाम पुसला.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाल्यावर अलकाला पुण्याला नेलं. डोळा वाचला, ओठ वाचला. नाकपुडीच्या कडेचा एक तुकडा मात्र काळा पडून गळला आणि तिथं तांदळाच्या दाण्याएवढा खळगा राहिला.

मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात सरकारी आरोग्य खात्यात तक्रार केली. अलकाला त्यांनी सही मागितली नाही. संतोष येऊन सांगून गेला होता, "मॅडम, आमाला नगं हे. तिची नोकरी हाय अजून." मॅडमनी आपल्या एकटीच्या नावानं तक्रार घातली.

मग सुरू झालं. गावातल्या फोनच्या ग्रुपांवर कुणीतरी पसरवलं, की तळेगावच्या ओव्हाळ मॅडमच्या इंजेक्शननं एका बाईचं नाक सडलं. सोबत अलकाचा काळ्या खपलीचा फोटो, डोळ्यांवर पट्टी मारून. तो फोटो कुणी काढला, कुठून गेला, कधीच कळलं नाही. जिन्यावरची गर्दी ओसरली. मॅडम चहा पिऊन वर गेल्या की कुणीतरी मला दुकानात येऊन विचारायचं, "खरं काय हो?" एकदा स्टुडिओवाल्याची दोन माणसं वर गेली. मी पाणी द्यायचं निमित्त करून वर गेले, तर त्यातला एक मॅडमच्या टेबलावर बोट आपटत सांगत होता, "मॅडम, तुमचं नाव मोठं हाय. कशाला मातीत घालता?" मॅडम त्याच्या हाताकडं बघत म्हणाल्या, "हा नायटा पसरतोय तुमचा. खाजवू नका. औषध लिहून देऊ?" तो माणूस हात मागं घेऊन निघून गेला. खाली येऊन मॅडम स्टुलावर बसल्या. त्या दिवशी त्यांनी एकही ट्यूब उलटी केली नाही.

चौकशीची तारीख जवळ आली होती. एका सकाळी त्या नेहमीसारख्या दुकानात आल्या, चहा घेतला आणि तो उजव्या कडेनं साडीवर सांडला. त्यांनी पुसला. परत घोट घेतला, परत सांडला. कप ठेवून त्या माझ्याकडं वळल्या आणि मला धक्का बसला. त्यांचा अर्धा चेहरा खाली ओघळला होता.

"मीनाताई, घाबरू नका. माझ्या कपाळाकडं बघा. मी भुवया वर करते. उजवीकडं आठी पडते?"

डावीकडं सगळ्या रेघा उमटल्या. उजवीकडं एकही नाही. पंचविशीतल्या पोरीसारखं सपाट कपाळ.

"नाही पडत."

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी श्वास सोडला. "मग मेंदूचा झटका नाही. मेंदूचं असतं तर कपाळ बहुतेक वाचलं असतं. चेहऱ्याची नस सुजलीय." थोडं थांबून, शब्द ओठातून निसटत असताना त्या म्हणाल्या, "बघा, एवढे पैसे देतात लोक ह्याच्यासाठी."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नसावं, चेहऱ्यावरून आता सांगता येत नव्हतं. नसांच्या डॉक्टरनीही तेच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, डोळ्यात थेंब सुरू झाले. उजवा डोळा मिटायचा नाही म्हणून झोपताना चिकटपट्टी लावावी लागायची. उजव्या गालावरच्या, डोळ्याकडच्या सगळ्या रेघा पुसल्या गेल्या होत्या आणि तो चेहरा बघवत नव्हता.

चौकशीला मी साक्षीदार म्हणून गेले, इंजेक्शन मीच आणलं होतं ना. लांबलचक टेबल, तीन अधिकारी, समोर तो स्टुडिओवाला आणि त्याचा वकील. मॅडम उभ्या राहून सांगत होत्या. 'प', 'ब', 'म' आले की ओठ मिटायचे नाहीत, वारा निसटायचा. एका अधिकाऱ्यानं, "बसून सांगा," म्हटलं तरी त्या उभ्याच. वकील अदबीनं म्हणाला, "मॅडमची तब्येत बरी दिसत नाही. त्या दिवशीही हात स्थिर होता का, हा प्रश्न आहे. पेशंटची तर तक्रारच नाही."

तेवढ्यात दार उघडून अलका आत आली. पदर नीट खोचलेला, खळगा उघडा. मागं संतोष. ती पुढं येऊन मॅडमकडं न बघता बोलायला लागली. स्टुडिओत काय झालं, कुणी टोचलं, कुणी बर्फ लावायला सांगितला, मॅडमनी आधी काय सांगितलं, मग काय केलं, सगळं. वकिलानं विचारलं, "मग आधी मॅडमकडे गेला होतात, तर त्यांचं का ऐकलं नाहीत?"

अलका तेव्हा मॅडमकडं वळली. "यांनी सांगितलं, धीर धर. मॅडम, माझ्यासारखीला धीर कोण धरू देतं? तुमी माझ्या रेघांचं बोललात. मी नोकरीचं बोलत होते. तुमी ऐकलंत का?" तिचा आवाज फुटला. "त्या माणसानं ऐकलं. खोटं का होईना, ऐकलं."

मॅडमच्या चेहऱ्याची एक बाजू आवळली, दुसरी तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. तेही लिहून घ्या."

परतताना वडगाव मागं पडल्यावर त्या गाडीत म्हणाल्या, "तिचा प्रश्न पोटाचा होता. मी उत्तर कातडीचं दिलं."

स्टुडिओ बंद करायचा हुकूम निघाला. त्या माणसावर गुन्हा दाखल झाला. खटला चालूच आहे. अलकाला रिसॉर्टनं साक्षीनंतर पंधरवड्यात काढून टाकलं. संतोषच्या एका गिऱ्हाइकाचं पवना धरणाकडं राहायचं ठिकाण होतं, तिथं तिनं स्वतःच जाऊन काम मागितलं. आता ते सगळं तीच बघते. मॅडमकडं ती परत आली नाही. मॅडमनीही तशी अपेक्षा धरली नाही. पण त्यानंतर चाळिशीतली कुठलीही बाई आली, की त्यांचा पहिला प्रश्न बदलला. "काम कुठं करता? तिथं कुणी काही म्हणतं का?" मी कितीदा तरी ऐकलं.

रोगी हळूहळू परतले, पण मॅडम थकल्या होत्या आणि चेहऱ्याची उजवी बाजू अजून हलत नव्हती. वर्षाच्या शेवटी त्यांनी दवाखाना एका तरुण डॉक्टरला दिला आणि कोल्हापूरला बहिणीकडं राहायला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढं गेला होता. त्या मागच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. मी काचेशी उभी. ड्रायव्हरनं गाडी वळवायला घेतली आणि स्टेशनकडून येणारं सकाळचं ऊन थेट समोरच्या काचेतून आत आलं. मॅडमनी डोळे किलकिले केले. डावा डोळा मिटला. मग, किंचित मागाहून, उजवाही. त्याच्या कडेला तीन बारीक रेघा उमटल्या, पेन्सिलनं काढल्यासारख्या फिकट.

मी काचेवर हात मारला. "मॅडम!"

त्यांनी मान वळवली, आणि मी काही सांगायच्या आत त्यांचं बोट उजव्या डोळ्याच्या कडेला गेलं, तिथंच थांबलं, त्या रेघांवरून सावकाश खाली-वर फिरलं. गाडी रस्त्याला लागली तेव्हाही ते तिथंच होतं.